दाराच्या हिशेबाने १९९३

२००४ साल. ऑफिसांच्या दारांना कडीऐवजी कार्ड लागायला लागून दोनेक वर्षं झाली होती. त्याच साली एका सकाळी विमा ऑफिसचे झाडून सगळे कर्मचारी जिन्यात उभे राहिले. कार्ड टेकवलं की लाल दिवा. साहेबांच्या कार्डालाही लालच.

"काय करून ठेवलंत?" साहेबांनी नेटवर्कवाल्याला विचारलं. "तुम्हाला कायम करायचा कागद आज सही करून मुख्य ऑफिसला पाठवायचाय. कागद माझ्या टेबलावर आहे. टेबल आत आहे."

नेटवर्कवाल्याने केलं होतं ते एवढंच. आत एक स्विच होता, म्हणजे सगळ्या मशीनच्या तारा जिथे एकत्र येतात ती पेटी. मशीनना नावं होती, पण नुसत्या नावाने कुणाकडे पोहोचता येत नाही, पत्ता लागतो. तो स्विच नावं जाणणाऱ्या एका मशीनला विचारून घेई. मात्र हुकूम टाइप करताना बोट चुकलं, की तो चुकलेला शब्दही त्याला कुणाचं तरी नाव वाटे, आणि तो भाबडेपणाने त्याचा पत्ता विचारत बसे. तोवर पडदा ठप्प. नेटवर्कवाल्याची बोटं फार चुकत. वैतागून त्याने मागच्या महिन्यात हे विचारणंच बंद करून टाकलं होतं.

पण वेळ सांगणारं मशीनही स्विचला फक्त नावानेच ठाऊक होतं. महिनाभर तो आपल्या मनाने घड्याळ मोजत राहिला. मग वीज गेली आणि आली. वेळ विचारायची सोय उरली नव्हती, म्हणून कारखान्यात त्याला जी तारीख दिली होती त्याच तारखेला तो जागा झाला. दार बिचारं वेळ स्विचकडूनच घेई. त्याच्यावरच्या इवल्याशा पडद्यावर आकडा होता १९९३.

"म्हणजे काय?" साहेब.

"म्हणजे दाराच्या हिशेबाने आपण कुणी अजून नोकरीला लागलोच नाही."

"अहो, मी मॅनेजर आहे इथला!"

"त्र्याण्णवमध्ये नव्हतात, साहेब."

"मग तोडा दार."

"तोडलं तर भोंगा थेट मुख्य ऑफिसात वाजतो."

साहेब दारापासून दोन पावलं मागे सरकले. मुख्य ऑफिसला कळलं असतं तर कागदाबरोबर नेटवर्कवालाही गेला असता.

एवढ्यात जिना चढून टायपिस्टबाई आल्या. मागच्या वर्षी निवृत्त झाल्या होत्या. खुर्चीवरची उशी राहिली होती ती न्यायला आल्या. "दारात काय उभे राहिलात सगळे? सरका!" म्हणत त्यांनी पर्समधलं जुनं कार्ड टेकवलं. हिरवा दिवा लागला. बाई आत गेल्या आणि मागे दार लागलं.

"बाई!" साहेबांसकट सगळे ओरडले.

एका कार्डावर दुसरा माणूस शिरला तरी तोच भोंगा वाजे, म्हणून मग काचेपलीकडून मजकूर सुरू झाला. पत्ता विचारणं पुन्हा सुरू करायच्या हुकुमाचं एकेक अक्षर नेटवर्कवाला ओरडून सांगे, बाई टाइप करत.

"समास किती सोडू?"

"समास नको, बाई!"

"शेवटी पूर्णविराम?"

"देऊ नका!"

"देऊन झाला."

स्विचने हुकूम नाकारला.

"पुन्हा करा, पूर्णविरामाशिवाय."

"बत्तीस वर्षांत मी वाक्य असं उघडं टाकलेलं नाही," बाई म्हणाल्या.

"माझी नोकरी आहे हो त्यात!"

"मग आधी सांगायचंस ना!" बाईंनी वाक्य उघडं टाकलं.

स्विचने नाव विचारलं, पत्ता मिळाला, वेळ मिळाली. दारावर २००४ उगवलं आणि लोंढा आत शिरला. दार पुन्हा लागल्यावर उशी काखोटीला मारून बाई निघाल्या, तर त्यांच्याच कार्डाला लाल दिवा.

"आता तुम्ही निवृत्त आहात, बाई," नेटवर्कवाला ओशाळून म्हणाला आणि स्वतःच्या कार्डाने त्याने त्यांना दार उघडून दिलं.

त्या दिवशी साहेबांनी सही केली. महिनाअखेरीस सगळ्यांना लेट मार्क लागला, साहेबांनाही. वेळेवर हजर म्हणून यंत्राने एकट्या टायपिस्टबाईंची नोंद केली होती.

साहेबांची पुढे बदली झाली. तिथल्या दाराला साधी कडी होती, आणि ते सुखात असल्याचं कळलं. नेटवर्कवाला आता मोठ्या हुद्द्यावर आहे; हाताखालच्या पोरांनी एकच गोष्ट दहादा विचारली तरी चिडत नाही. बाई त्यानंतर बारा वर्षं होत्या. कुणी त्या सकाळचा विषय काढलाच तर म्हणत, "अकरा वर्षांनी लहान झाले होते मी. पण सगळा वेळ टायपिंगमध्येच गेला."