आप्पा नाचणकरांना द्यावयाचे पहिले पुस्तक

कोणते पुस्तक वाचावे हे वाचणाऱ्याला स्वतःला कधीच कळत नाही, हे सत्य ज्यांनी ते पुस्तक आधी वाचले आहे अशा सर्वांना मान्य आहे. (ज्यांनी वाचलेले नाही त्यांना ते अधिकच मान्य आहे.) म्हणून सुधारलेल्या गावात नवख्या वाचकाला पुस्तकापाशी एकटे सोडत नाहीत. रत्नागिरी या बाबतीत फार पूर्वीच सुधारली होती.

आप्पा नाचणकर कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झाले, तोवर समन्स, जप्तीचे पंचनामे आणि पंचांग याखेरीज त्यांनी सलग असे काही वाचलेले नव्हते आणि त्यावाचून त्यांचे अडलेही नव्हते. अडले ते लेकीपाशी. गंगा मुंबईला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची आणि मे महिन्यात घरी यायची. बापलेकीचे संभाषण "गाडी वेळेवर होती?" इथे सुरू होई आणि "गोळी घेतलीत?" इथे संपे. उरलेला महिना ती झोपाळ्यावर विज्ञानकथा वाचीत पडे, आणि आप्पा तहान नसताना तिच्यासमोरून पाणी प्यायला जात. यंदा पावसाळ्यानंतर ती संशोधनासाठी परदेशी निघाली होती. म्हणजे पुढची काही वर्षे मे महिनाही हातचा गेला.

"लेकीशी बोलायला पुस्तक कशाला लागतंय?" त्यांच्या पत्नी काशीबाई म्हणाल्या. "देवानं तोंड दिलंय ना?"

"विषय नको?" आप्पा म्हणाले. वर 'विषय' लिहिल्याशिवाय आलेला एकही अर्ज त्यांनी उभ्या नोकरीत दाखल करून घेतला नव्हता.

खालच्या आळीतल्या वाचनालयात विज्ञानकथांचे स्वतंत्र कपाट होते. आपला माणूस नुकताच अंतराळात जाऊन आल्यामुळे ते घेणे भाग पडले होते. वरच्या फळीवर परग्रह, मधल्या फळीवर यंत्रमानव आणि खाली भविष्यकाळ, अशी शास्त्रशुद्ध मांडणी होती. (कोकणात रेल्वे येणार असल्याच्या बातम्यांची कात्रणेही खालच्याच फळीवर होती.)

"सखाराम, एक विज्ञानकथा दे बघू. सोपीशी. मी नवीन आहे," आप्पा ग्रंथपालाला म्हणाले, आणि तिथेच चुकले. आपण एखाद्या गोष्टीत नवीन आहोत हे रत्नागिरीत मोठ्याने बोलायचे नसते. वर्तमानपत्रांच्या टेबलावरून दोन डोकी वर आली.

पहिले डोके प्राध्यापक बेहेऱ्यांचे. दुसरे सुलेमान मजगावकरांचे. त्यांची हयात बोटीच्या इंजिनखोलीत गेली होती आणि दर बंदरात त्यांनी काही ना काही वाचले होते.

आता रत्नागिरीत पुस्तक सुचवताना त्याची स्तुती करीत नाहीत; तो उथळपणा समजला जातो. दुसऱ्याने सुचवलेले पुस्तक वाचल्यास काय नुकसान होईल, तेवढे सांगायचे. उरते ते आपोआप चांगले.

"यंत्रमानवापासून सुरुवात करा," बेहेरे म्हणाले. "गतीचे नियम झालेत ना तुमचे?"

"शाळेत झाले असतील."

"'असतील'वर यंत्रमानव चालत नाही, आप्पा."

"त्यांचं मनावर घेऊ नका हो," सुलेमान म्हणाले. "शिव्या घालतो तो माणूस आणि शिव्या खातं ते यंत्र. मधला हा यंत्रमानव आला कुठनं? तुम्ही परग्रहाचं घ्या. माणूस घरापासून लांब जातो, जेवणाचे हाल होतात, परत येतो तर पोरं ओळखत नाहीत."

"यात विज्ञान कुठाय?" बेहेऱ्यांनी विचारले.

"कथा आहे ना? विज्ञान तुम्ही घाला वरनं, चवीपुरतं."

सखारामचे म्हणणे असे पडले की, कपाट नवीन आहे, काचही नवीन आहे. तेव्हा नवख्याने काही दिवस बाहेरूनच ओळख वाढवावी.

पुढे रोज बैठक बसू लागली. आप्पांनी आधी विज्ञानाचा इतिहास वाचावा, तो कळावा म्हणून बेहेऱ्यांच्या नोट्स वाचाव्यात आणि त्या कळाव्यात म्हणून बेहेऱ्यांकडे यावे, असा क्रम एकमताने ठरला. (सुलेमान तेव्हा नमाजाला गेले होते. परत आल्यावर त्यांनी दुसरा क्रम एकमताने ठरवला. तेव्हा बेहेरे रागावून घरी गेले होते.) आप्पांची पुढे निराशा होऊ नये म्हणून बहुतेक पुस्तकांचे शेवट त्यांना आगाऊ सांगण्यात आले. एप्रिल संपता संपता स्थिती अशी होती की, कपाटातील निम्मी पुस्तके आप्पांसाठी अयोग्य ठरली होती आणि उरलेल्या निम्म्यांसाठी आप्पा अयोग्य ठरले होते. पुस्तके मात्र कपाटातच होती. सर्वच.

गंगा उद्या येणार म्हटल्यावर आप्पांचा धीर सुटला. मंगळावर बांगडा टिकेल की सुकवून न्यावा लागेल यावर दोघे तज्ज्ञ भांडत होते आणि सखाराम चहाला गेला होता. आप्पांनी कपाट उघडून वरच्या फळीवरचे हाताला लागले ते पुस्तक ओढले.

"हे? नवख्याला हे अजिबात नको!" दोघे तज्ज्ञ एकदम ओरडले. महिन्याभरात त्यांचे झालेले हे पहिलेच एकमत.

आप्पा पुस्तक घेऊन घरी आले आणि वाचायला बसले. अकराव्या पानावर यान एका निर्जन ग्रहावर उतरले. प्रवाशांनी मोकळी जागा बघितली आणि घर बांधायला घेतले.

आप्पांनी चष्मा काढला.

आप्पांच्या घरामागे नारळी-पोफळीचे आगर होते आणि त्यात डझनभर सहहिस्सेदार होते. बरेचसे मुंबईत, एक आफ्रिकेत. दोघे वारले होते, पण त्यांचे वारस ठरायचे होते. त्या सगळ्यांच्या संमतीअभावी तिथे एक न्हाणीघर बांधायचे, ते आप्पांच्या आजोबांपासून राहून गेले होते.

दुसऱ्या दिवशी गंगा आली.

"गाडी वेळेवर होती?"

"होती. तुम्ही गोळी..."

"गंगे, परग्रहावर सातबारा कोणाच्या नावावर असतो?" आप्पांनी पुस्तकाचे अकरावे पान तिच्यापुढे धरले.

गंगा खांद्याला पिशवी लटकलेली तशीच पायरीवर थांबली. "तिथे माणूसच नसतो, आप्पा."

"हजर नाही, असं म्हण. हजर नसणं वेगळं, हक्क नसणं वेगळं."

"अहो, निर्जन ग्रह आहे तो!"

"आपलं आगरही निर्जनच आहे. बांधून दाखव न्हाणीघर."

गंगा पायरीवर बसली आणि डोळ्यांत पाणी येईतो हसली. "मग काय करायला हवं होतं त्यांनी?"

"जाहीर नोटीस. ग्रहाच्या दर्शनी भागी डकवायची आणि तीस दिवसांची मुदत द्यायची."

"पण दिवस कुठला धरणार? तिथला की इथला?"

हा मुद्दा कोर्टात कोणी काढला नव्हता. "केवढा असतो गं तिथला?"

गंगाने चुलीतला विझका कोळसा आणला आणि ओटीवर सूर्य काढला. काशीबाईंनी दिलेला चहा निवला, पुन्हा गरम झाला, पुन्हा निवला. "पोरीला पाय तरी धुवू द्या!" त्या आतून म्हणाल्या. कोणी ऐकले नाही.

सबंध मे महिना ग्रहाच्या दर्शनी भागातच गेला. गोल वस्तूचा दर्शनी भाग कोणता, यावर दोन दिवस अबोला झाला. तोही कडकडून झाला. गंगा म्हणे, "पुढचं पान तर वाचा!" आप्पा म्हणत, "प्रकरण प्रलंबित असताना पुढे जाता येत नाही."

निघायच्या दिवशी तिने एस.टी.च्या खिडकीतून हात धरला. "आप्पा, बाराव्या पानावर उत्तर आहे."

"असू दे," आप्पा म्हणाले. "तू परत आलीस की वाचू."

सखारामने पुस्तक दोनदा मागितले. प्रकरण प्रलंबित असल्याचे त्याला कळवण्यात आले.

हल्ली आप्पा वर्तमानपत्रांच्या टेबलाशी तिसरे डोके म्हणून बसतात, आणि विज्ञानकथेत त्यांचा शब्द अखेरचा मानतात. (अकरा पाने वाचलेला अधिकारी पुरुष त्या टेबलाशी दुसरा नाही, असे सखाराम खासगीत सांगतो.) आपल्यापैकी कोणाला या प्रांतात नव्याने शिरायचे असेल त्यांनी अवश्य यावे, मात्र त्याआधी एकही पुस्तक उघडू नये. आपण ते उघडाल ही भीती म्हणा नाहीच. पुस्तक हातात घ्यायचे सोडून, कोणते घ्यावे याविषयीचा मजकूर जो इथवर वाचत येतो, त्याच्याविषयी टेबलाची पूर्ण खात्री असते. आपली खुर्ची पुसून ठेवली आहे.