नानांचं गुड हेवन्स

नाना तार उघडून "गुड हेवन्स" म्हणाले आणि सासूनं माझा हात धरून ओट्याच्या दगडावर आपटला. तीन बांगड्या फुटल्या. पुन्हा आपटणार तोच नानांनी तिचं मनगट पकडलं.

"थांब अक्का. तुना पोऱ्या बरा शे. शनवारले घर येई ऱ्हायना."

"मंग असं कसाले बोलना, मेल्या?"

माझ्या नवऱ्याला पोटाच्या ऑपरेशनसाठी धुळ्याला नेलं होतं. दीर सोबत होता, त्यानं तार केली. तार इंग्रजीत, आणि धरणगावजवळच्या आमच्या खेड्यात इंग्रजी वाचणारे हे शेजारचे नाना एकटेच. जिनिंग कारखान्यात कापूस तोलायचे, घरी येऊन एकट्यापुरत्या भाकरी थापायचे.

त्यांच्याकडे बोलायच्या इंग्रजीचं एक पुस्तक होतं. त्यातला आश्चर्य दाखवायचा धडा त्यांनी फार घोटला. रोज सकाळी ओट्यावर राखुंडीनं दात घासत म्हणायचे, "यू डोन्ट से सो." थुंकायचे. "वेल, आय नेव्हर." पुन्हा थुंकायचे. डोळे मोठे करा असं पुस्तकात होतं. त्यांचे डोळे बारीक, त्यामुळे नुसत्या भुवयाच वर जायच्या. म्हैस व्याली तरी "यू डोन्ट से सो", मांजरानं दूध सांडलं तरी तेच.

मी एकदा अर्थ विचारला.

"अर्थ काहीच नही, सूनबाई. नुसतं नवल."

"गुड हेवन्स" मात्र तारेसाठी राखलेलं. तार कसलीही असो, आधी ते, मग मजकूर. आता आमच्याकडे तार यायची ती माणूस गेल्यावरच. त्यामुळे गुड हेवन्स म्हणजे मेला, असं सगळी गल्ली धरून चालायची. सासूचं काही चुकलं नाही. बांगड्या माझ्या होत्या, तरी सांगते.

नवरा यायच्या आत हात भरलेला हवा म्हणून नाना स्वतः धरणगावला गेले आणि कासाराकडून डझनभर हिरव्या बांगड्या घेऊन आले. विधुर माणूस बांगड्या आणतो म्हणून बायका हसल्या. मी घातल्या, तर त्या थेट कोपराकडे धावल्या.

"नाना, माप कुणाचं सांगितलं?"

"माले एकच माप माहीत शे."

त्यांची बायको माहेरी बाळंतपणात वारली. तार आली तेव्हा त्यांना इंग्रजी येत नव्हतं. पाचोऱ्याच्या स्टेशनावर एका माणसाकडून वाचून घेतली.

"तो पहिलेच अरे देवा बोलना. मंग मी पुढलं ऐकंच नही. इंग्रजीमा बोलं तर माणूसले जरा टाइम भेटस."

तेवढ्या टाइमात माझ्या तीन बांगड्या गेल्या, हे मी त्यांना ऐकवलं.

"वेल, आय नेव्हर," नाना हळूच म्हणाले. भुवया वर गेल्या नाहीत.

बदलून आणतो म्हणाले. मी नको म्हटलं. पुढं एक घट्ट बांगडी घालून त्या अडवल्या आणि फुटेपर्यंत वापरल्या.

नवरा शनिवारी आला, जेवला, झोपला. पुढं म्हातारा होऊन गेला. सासू त्याच्याआधी गेली, नानाही गेले. धुळ्याची ती तार आली तेव्हा ओट्यावर आम्ही तिघं होतो. मी सतरा वर्षांची होते. आता मीच आहे.