ट्रकचा मागचा पाय

लोखंडी दांड्याचं पुढचं टोक हलतं ठेवायचं, हा निर्णय तिने हातातला चहा संपायच्या आत घेतला होता. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. (सगळा विचार कॉलेजात आधीच करून झालाय, असं तिचं म्हणणं.) एवढ्याशा निर्णयापायी घरचा ट्रक चारचौघांत मागचा पाय वर करून उभा राहील, हे मात्र कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

गॅरेज बाबांचं. दारावरच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘मोटर गॅरेज’ आणि त्याखाली ‘आणि सुपुत्र’. आईला दिवस गेल्याचं कळल्याबरोबर बाबांनी उत्साहाच्या भरात पेंटर बोलावला होता. सुपुत्र काही आला नाही, आली ती ही. पाटी तशीच राहिली, कारण बाबांच्या मते रंग अजून चांगला होता. ती इंजिनीअर होऊन त्याच पाटीखालून रोज कामाला येऊ लागली, तेव्हाही रंग चांगलाच होता. गिऱ्हाइकं विचारायची, “सुपुत्र कुठे आहेत?” ती ट्रकखालून हात बाहेर काढायची. “इथे आहेत. तेरा नंबरचा पाना द्या.”

बाबांचा लाडका ट्रक दगडधोंड्यांतून चालवण्यासाठी मुद्दाम उंच केलेला होता. दिसायला रुबाबदार, पण चढावर जोर दिला की मागची चाकं टुणटुण उड्या मारायची आणि ट्रक जागच्या जागी थडथडत राहायचा. यावर बाबांचा उपाय म्हणजे मागे वाळूची पोती. काकांचा उपाय म्हणजे आणखी पोती. काका हे बाबांचे धाकटे भाऊ आणि गॅरेजचे वेल्डर. एकदा वजन म्हणून ते स्वतःच पोत्यांवर बसून चढावर गेले होते. त्या दिवशी दोन्ही वेळा ते उभ्याने जेवले.

“वजनाचा प्रश्नच नाही,” ती घरी म्हणाली. आई ओली चादर वाळत घालायला निघाली होती, ती तिने मधल्यामध्ये पकडली. “काका, हे टोक धरा. तुम्ही स्प्रिंग.”

“मी स्प्रिंग?”

“हो. बाबा ॲक्सल. बाबा, तुम्ही दुसरं टोक धरून पिळा.” बाबा पिळू लागले. “जोर दिला की ॲक्सल चाकं फिरवतो, पण त्या झटक्याने स्वतःही उलटा फिरायला बघतो. मग त्याला धरून ठेवणारे कमानपाटे, म्हणजे स्प्रिंग, असे पिळले जातात. आणि चाक घसरलं की सगळा पीळ एकदम सुटतो. सोडा, बाबा.”

चादर गर्रकन उलटी फिरली आणि तिचं ओलं टोक काकांच्या कानशिलावर फाटकन बसलं.

“ही ती उडी,” ती म्हणाली.

“समजली,” काका कान चोळत म्हणाले.

“धुतलेली होती ती,” आई म्हणाली.

उपाय तिने स्वतः बनवला. ॲक्सलपासून चासीपर्यंत, म्हणजे ट्रकच्या सांगाड्यापर्यंत, एक जाडजूड दांडा, म्हणजे ॲक्सलला पिळायची सोयच उरणार नाही. मागचं टोक ॲक्सलला घट्ट. पुढचं टोक मात्र चासीला शॅकलने लटकवलेलं, म्हणजे दोन पट्ट्यांच्या झुलत्या जोडाने. चाक खड्ड्यात उतरलं, दगडावर चढलं, तर दांड्याला मागेपुढे सरकायला जागा हवी.

काकांनी टोक हलवून पाहिलं. “हे हलतंय.”

“हलायलाच हवं.”

“माझ्या हातचं आजवर काही हललेलं नाही.”

“म्हणूनच स्वयंपाकघराची खिडकी उघडत नाही,” आई म्हणाली.

तिने बाबांकडे मोर्चा वळवला. “ट्रक एकही उडी न मारता खाणीचा चढ चढला, तर पाटी बदलायची. कबूल?”

बाबांनी बराच वेळ हात पुसले. “कबूल. पण चढला नाही, तर पाटीचा विषय या घरात पुन्हा नाही.”

सुट्टीच्या दिवशी बंद पडलेल्या खाणीत सगळे ट्रकवाले आपापली मर्दुमकी दाखवायला जमत. आई मोबाइल घेऊन शूटिंगला उभी राहिली. शेजारचा टायरवाला सगळ्यांना फुकट सल्ले देत फिरत होता. ती गाडीत बसली आणि निघाली.

उडी नाही. अर्धा चढ गेला, तरी उडी नाही. तिने आरशात बाबांकडे पाहून घेतलं. (पाहायला नको होतं.) तेवढ्यात उजवं मागचं चाक मोठ्या दगडावर चढलं. डाव्याने आता खड्ड्यात उतरायला हवं होतं. ते उतरलं नाही. ते सावकाश, मोठ्या ऐटीत हवेत वर गेलं आणि तिथेच गरगरत राहिलं. खांब दिसलेल्या कुत्र्यासारखा ट्रक पाय वर करून उभा होता.

“ताई,” टायरवाला खालून ओरडला, “त्याचं उरकू द्या, मग निघा.”

सगळी खाण हसली. तिने ट्रक मागे घेत सपाटीवर आणला. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या आणि डोक्यात सगळी गणितं उलटी धावत होती. बाबा तेवढे हसत नव्हते. खिडकीशी येऊन हळू आवाजात म्हणाले, “काय चुकलं?”

“माझं काही चुकलेलं नाही,” ती म्हणाली. आवाज मात्र तिचा वाटत नव्हता.

ती ट्रकखाली शिरली. शॅकलच्या दोन्ही पट्ट्या चासीला वेल्ड केलेल्या होत्या, दांड्याला सरकायला जागाच नव्हती. एकसारखं, गुळगुळीत, देखणं वेल्डिंग. असा हात गावात एकाचाच.

“काका.”

काका आभाळाकडे बघत होते. “सकाळी बघितलं तर लटकत होतं. म्हटलं, पोर घाईत पक्कं करायला विसरली. चारचौघांत शोभा नको. तुला सांगितलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं.”

वडीलधाऱ्यांना सुनवायची वाक्यं तिच्याकडे कायम तयार असत. ती सगळी एकदम जिभेवर आली आणि दारातच एकमेकांत अडकली. “वेल्डिंग सुंदर आहे,” ती दात आवळून म्हणाली. “आता गाडीतला बॅटरीचा ग्राइंडर द्या.”

काकांनी स्वतःच कापायला घेतलं, पण त्यांचा चेहरा बघवेना, म्हणून शेवटी तिनेच ग्राइंडर हातात घेतला. दांड्याचं टोक पुन्हा झुलायला लागलं.

दुसऱ्या खेपेला काहीच झालं नाही. उजवं चाक दगडावर चढलं, डावं खड्ड्यात उतरलं, ॲक्सल कलला पण पिळला नाही. इंजिन एका सुरात गुरगुरत राहिलं. थडथड नाही, टुणटुण नाही. जेवण झाल्यावर माणूस जिना चढतो तसा ट्रक वर जाऊन थांबला.

बाबा टायरवाल्याकडे वळले. “बघितलंस? काही झालं नाही.” आणि मग छाती काढून पुन्हा, “काहीसुद्धा झालं नाही.”

ती धावत खाली आली. “आई, घेतलंस ना शूट?”

“घेतलं की.” मोबाइलमध्ये पहिला चढ होता. हवेतला पाय, गरगरणारं चाक, टायरवाल्याचा सल्ला, सगळं स्वच्छ.

“आणि दुसरा?”

“त्यात काही होतच नव्हतं गं. नुसता ट्रक चालला होता. बंद केलं मी. पहिला मात्र सगळ्यांना पाठवलाय.”

बाबांनी शब्द पाळला. ती सुटे भाग आणायला गेली होती, परत आली तेव्हा पेंटर शिडीवरून उतरत होता. ‘आणि सुपुत्र’ खरवडून तिथे ‘आणि कन्या, इंजिनीअर’ लिहिलेलं होतं. उभा रस्ता थांबवून सगळ्यांना वाचून दाखवावं असं तिला वाटलं.

मग नजर त्याच्या खाली गेली.

“रिकामी जागा बरी दिसेना,” पेंटर कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाला. “काकांनी व्हिडिओ दाखवला. हुबेहूब उतरलाय, नाही?”

अक्षरांखाली झोकात रंगवलेला ट्रक होता. मागचा डावा पाय वर.

“बाबा, हे पुसायला सांगा.”

बाबांनी चार पावलं मागे जाऊन पाटी नीट न्याहाळली. “राहू दे गं,” ते म्हणाले. “रंग चांगला आहे.”