मान्यवरांचे बूट

वराह पैदास केंद्राच्या फाटकात जंतुनाशकाचा उथळ टब होता आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाने त्यात बूट बुडवावेत असा नियम होता. ‘प्रत्येकाने’ या शब्दात मान्यवर येत नाहीत, हे कुणाला वेगळं सांगावं लागत नसे.

त्या वर्षी डुकरिणींची पिल्लं पोटातच सुकू लागली. विषाणू मोठा सभ्य होता. डुकरीण खायची, प्यायची, ताप नाही की खोकला नाही. विण्याच्या वेळी मात्र खारकेसारखी वाळलेली पिल्लं बाहेर यायची. रोग बुटांच्या तळव्यांवरून येतोय, हे केंद्राच्या डॉक्टरांनी ओळखलं. लस होती, पण ती गाभण राहण्याआधी टोचावी लागते आणि मंजुरी नेहमी व्याल्यानंतर येते.

आक्का नावाची तरुण डुकरीण अजून शाबूत होती. तिची आई मेल्यावर डॉक्टरांनी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं, आणि आता ती पहिल्यांदाच गाभण होती. त्यांचा तिच्यावर फार जीव. त्यांनी तिला मागच्या आवारात हलवलं, दाराशी दुसरा टब मांडला आणि वर कळवलं की केंद्रात रोग आहे, कृपया कुणी येऊ नये.

रोग आहे म्हटल्यावर अर्थातच चौकशी समिती आली. ती दुसऱ्या बाधित केंद्राची चौकशी आटोपून थेट आली होती. तिथली माती अजून बुटांवर ओली होती. अध्यक्षांनी टबाच्या स्वच्छतेबद्दल समाधान व्यक्त केलं आणि त्याला वळसा घातला.

पाठोपाठ आणखी दोन शेडमधली पिल्लं गेली. म्हणून उपसमिती आली. तिच्यानंतर उरलेल्या शेडमधलीही गेली, तेव्हा सर्वांच्या कामाचं मूल्यमापन करायला अध्यक्ष पुन्हा आले.

“मला तुम्ही चपला घालून घरात पाऊल टाकू देत नाही,” आदल्या दिवशी डॉक्टरांची बायको म्हणाली होती, “आणि साहेबांना बूट बुडवा म्हणायला जीभ टाळ्याला चिकटते?”

निवृत्ती तोंडावर आली असताना वाईटपणा कोण घेणार, असं काहीसं डॉक्टर पुटपुटले होते.

मूल्यमापनाचा निष्कर्ष लवकर निघाला. सगळ्या शेडमध्ये रोज जाणारा माणूस एकच, तो म्हणजे डॉक्टर. सबब त्यांना उद्यापासून प्रवेशबंदी. आता तुलनेसाठी निरोगी डुकरीण पाहायची राहिली होती.

“साहेब, ती गाभण आहे,” डॉक्टर म्हणाले.

“पण निरोगी आहे ना? मग तिच्यापासून आम्हाला काय धोका?”

अध्यक्ष आक्काच्या दाराशी पोचले. डॉक्टरांनी तोंड उघडलं.

“साहेब, तो टब...”

“टबाचं काय?”

“पाय अडखळेल,” डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी आपल्या हातानं टब बाजूला सरकवला.

आक्का व्याली त्या दिवशी डॉक्टर फाटकाबाहेर उभे होते. पहारेकऱ्यानं आतून नुसती नकारार्थी मान हलवली. म्हातारा माणूस फाटकाचे गज धरून ढसाढसा रडला. अहवालात मात्र रोग आटोक्यात आल्याची नोंद झाली, कारण बाधा व्हायला कुणी उरलंच नव्हतं.

तुम्हाला वाईट वाटलं असेल, साहजिकच आहे. फाटकापासून आक्काच्या दारापर्यंत तुम्ही सगळं जवळून पाहिलंत. वाटेत दोन टब लागले होते. त्यातल्या कुठल्या टबात तुम्ही बूट बुडवलेत, तेवढं फक्त सांगा.