नानाजींनी तासलेली फळी

नानाजी कुणाकडेही गेले, की पायावर पाणी घेऊन थेट स्वयंपाकघराच्या दारात उभे राहत आणि विचारत, "फळी कशी आहे?" घरात पोर तापानं फणफणत असलं तरी त्याची चौकशी नंतर.

ते बुलढाण्याच्या कचेरीत नकलनवीस होते. आठवडाभर दुसऱ्यांच्या दाव्यांच्या नकला उतरवायच्या आणि रविवारी लोकांच्या घरातली झिजलेली लाकडं नीट करायची. पैसे घेत नसत, खर्चही करू देत नसत. "सुताराले काऊन बोलावता? तो रंधा मारून अर्धी फळी खाऊन टाकते. लाकूड उपाशी आहे, मास्तर. त्याले जवसाचं तेल पाजा!"

मी तिथल्या शाळेत नवा मास्तर. भाड्याच्या घरात चुलीशेजारी दोन दगडांवर टेकवलेली लांब सागवानी फळी होती. आधीच्या बिऱ्हाडांनी भाज्या चिरून तिला खड्डे पाडलेले, वर तेलकट काळं किटण. मी नवी घेणार, हे नानाजींच्या कानावर गेलं आणि रविवारी सकाळीच ते हजर! फुटक्या कंदिलाची काच, विटेची पूड, जुन्या धोतराचा बोळा आणि तेलघाण्यावरून मागून आणलेलं गढूळ तेल, असा सरंजाम.

"अंगणात नेऊ या का?" मी विचारलं.

"छ्या! जागचं हलवलं की लाकूड रुसते."

मग ते चुलीपाशीच बसले. काचेनं बोटभर तासायचे, फुंकर मारायचे, की माझ्या बायकोला विचारायचे, "सूनबाई, वरणाले आज लसूण की हिंग?" चहा बशीत ओतून इतका सावकाश प्यायचे, की तोवर फळीवरचं तेल मुरून जाई. असे तीन रविवार गेले.

चौथ्या रविवारी, शाळेच्या सोमवारच्या तपासणीसाठी आदल्या दिवशीच गावात उतरलेले इन्स्पेक्टरसाहेब अचानक माझ्या घरी आले. मी त्यांना खुर्ची देतो तोच आतून नानाजी बाहेर आले. धोतर गुडघ्यावर खोचलेलं, मिशा विटेच्या पुडीनं लाल.

"या साहेब! तुमच्या घरची फळी कशी आहे?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "हे कोण?"

"सुतार आहे," मी म्हणालो.

नानाजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग साहेबांना वाकून नमस्कार केला. "हो साहेब. काम होऊनच राह्यलं." आणि सामान गोळा करून निघून गेले.

साहेब गेल्यावर बायको एवढंच म्हणाली, "तुमच्या वडिलांच्या वयाचे आहेत ते." फळी नव्यासारखी झाली होती. माझ्यानं तिच्याकडे बघवेना.

संध्याकाळी मी प्रथमच त्यांच्या खोलीवर गेलो. एक खाट, एक ट्रंक. कोपऱ्यात चूल होती, पण तिच्यात चिमूटभर राख नव्हती. वर छत्री आडवी ठेवलेली. नानाजी खानावळीत जेवतात, हे मला तेव्हा कळलं.

"नानाजी, माझं फार चुकलं..."

"थांबा मास्तर. माफी म्याच मागाले पायजे." ते जमिनीकडे बघत म्हणाले, "ते काम एका दिवसाचं होतं. चार रविवार लावले म्या. सूनबाई फोडणी देत, तो आवाज ऐकत बसाले बरं वाटे."



पुढल्या रविवारी बायकोनं त्यांना जेवायला बोलावलं. ते आले. आम्ही दोघं पुढल्या दारात वाट पाहत उभे होतो. ते मागल्या दारानं आले, गडीमाणसं येतात तसे.