सव्वीस दिवसांचा सूर

तुमचा यावर विश्वास बसणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. माझ्या बायकोचाही बसला नव्हता, आणि ती तर माझ्याशी लग्न करण्याइतकी भोळी होती! पण मी पियानोंचे सूर लावणारा माणूस. परीक्षेच्या दिवशी दारापाशी स्टुलावर बसून राहणे हीच माझी नेमणूक. तेव्हा सगळे या डोळ्यांनी पाहिले आहे.

परीक्षा मंडळाने त्या वर्षी होतकरू विद्यार्थ्यांसाठी जुन्या, भावुक जमान्यातली एक रचना नेमली होती. पाने दोन, वेळ दीड मिनिट, वर सूचना : ‘उसासा टाकल्यासारखे वाजवावे.’ बेकरीवाल्याची मुलगी तिसऱ्यांदा परीक्षेला बसली होती. आधी दोन्ही वेळा शेवटचे तीन सूर विसरून नापास. आता नापास झाली की नाव कायमचे कमी, असा नियम.

त्या तीन सुरांच्या आधी एक खूण असते, चंद्रबिंदू उलटा टांगल्यासारखी. तिचा अर्थ, इथे वादकाने मनाला येईल तितके थांबावे. मुलगी तिथवर झकास आली. थांबली. आणि पुढचे डोक्यातून साफ पुसले गेले! तिने बोटे पट्ट्यांवर तशीच दाबून धरली.

नियम चौदा : रचना संपेपर्यंत परीक्षकाने बोलू नये, उठू नये, गुण देऊ नयेत. परीक्षकांनी डोळे मिटले आणि मान डोलावायला सुरुवात केली.

तासाभराने कार्यवाहांनी दाराखालून चिठ्ठी सरकवली : ‘सूर चालू आहे काय?’ परीक्षकांनी उलट टपाली लिहिले : ‘चालू. अत्यंत भावपूर्ण.’

दुपारी मुलीची आई पाव-लोणी घेऊन आत शिरली आणि तिला भरवू लागली.

“आठवलं का गं काही?”

“नाही ना, आई!”

“मग हलू नकोस. आ कर.”

तिसऱ्या दिवशी मंडळाची तातडीची सभा भरली. ‘मनाला येईल तितके’ म्हणजे नक्की कोणाच्या मनाला? उपसमिती नेमली. तिने अहवाल दिला की मन वादकाचे धरावे, आणि मन ही बाब मंडळाच्या कार्यकक्षेत येत नाही.

मग काय, गावभर बोभाटा! बाहेर खोळंबलेले पालक आपापल्या पोरांवर खेकसू लागले, “बघ, ती किती थांबते! तुला चार सेकंद थांबवत नाही!” आठवड्याभरात थांबण्याचे खास क्लास निघाले, सकाळची तुकडी पहिल्याच दिवशी भरली. वर्तमानपत्राच्या समीक्षकाने खिडकीबाहेर उभे राहून लिहिले, ‘असा खोल सूर पूर्वी कधी कानी पडला नव्हता.’ अठराव्या दिवशी परीक्षक खुर्चीतच सेवानिवृत्त झाले. हार घातला, भाषणे मुक्याने झाली. नवे परीक्षक हजर झाले, पण त्यांनी सुरुवात ऐकलेली नव्हती, म्हणून जुन्यांना सोडता येईना. दोघेही बसले. माना एका तालात डोलू लागल्या.

सव्विसाव्या दिवशी मंडळाने ठराव केला : सूर मध्येच तोडणे अरसिकपणाचे ठरेल, सबब रचना संपली असे समजण्यात यावे व मुलीस विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण करावे. तिने बोटे उचलली मात्र, टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मला पियानोचे सूर पुन्हा लावावे लागले! समीक्षक तर रडत होता.

एवढे सांगून मी श्रोत्यांकडे पाहिले. सगळे तल्लीन. फक्त माझी नात कंबरेवर हात ठेवून उभी.

“आजोबा, शुद्ध थाप! पट्टी कितीही दाबून धरा, पियानोचा सूर पाव मिनिटात विरतो. तुम्हीच शिकवलंय मला. मग ही माणसं सव्वीस दिवस ऐकत काय होती?”

ती बाकीच्यांकडे वळली.

“आणि तुम्ही सगळे? तुम्ही मघापासून माना कशाला डोलावताय?”