ब्रेक्क्यांच्या घरची सभा

आर्डिस टॉलेफसन यांच्या बैठकीच्या खोलीत चर्चमधून उसन्या आणलेल्या चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्यांपैकी एक सोडून सगळ्या रिकाम्या होत्या. त्या एका खुर्चीवर त्यांचे पती मर्लिन बसले होते, तेही बायकोने बसवले म्हणून.

"तरी मी म्हणत होतो," मर्लिन म्हणाले, "शेजारी ऑर्विल ब्रेक्केला आजच पुरलंय. सगळं गाव तिकडे जेवायला जाणार. सभा पुढे ढकल."

"ऑर्विलनं जिवंतपणी कधी माझी सोय पाहिली नाही, मेल्यावर काय पाहणार?" आर्डिस खिडकीचा पडदा सारत म्हणाल्या.

त्यांच्या रागाला कारण होते. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांची पहिली परीक्षा आयोवात होते. त्यामुळे ज्याला देश चालवायचा आहे त्याला आधी आयोवातल्या बैठकीच्या खोल्यांतून कॉफी प्यावी लागते. आर्डिसच्या खोलीत आजवर चार उमेदवार कॉफी प्यायले आणि चौघेही महिन्याच्या आत शर्यतीतून बाहेर पडले. एखाद्याला घरी पाठवायचे असेल तर त्याला आर्डिसकडे न्या, असे तालुक्यात उघड बोलले जाऊ लागले होते. पाचवे होते मोंटानाचे गव्हर्नर गॉर्डन व्हिटलॅच. वर्तमानपत्रे त्यांना 'उगवता तारा' म्हणत. शंभरात तिघांना त्यांचे नाव ठाऊक होते; मात्र पाहणी करणाऱ्यांनी प्रामाणिकपणे खाली छापले होते की, या आकड्यात तिघांची चूक असू शकते. हाही तारा मावळला, तर आर्डिसच्या उंबऱ्याला पुन्हा कोणी पाय लावणार नव्हते.

गव्हर्नर वेळेवर आले. त्यांच्या चालकाला रस्त्यावर शेजारी-शेजारी दोन घरे दिसली. एका घरापुढे एकही गाडी नव्हती. दुसऱ्यापुढे गाड्यांची रांग लागली होती आणि एक बाई झाकलेले भांडे घेऊन आत शिरत होती. कोणताही सुज्ञ चालक जे करील तेच त्याने केले.

येथे एक स्थानिक शिष्टाचार ध्यानात घेतला पाहिजे. या भागात दारात आलेल्या अनोळखी माणसाला "आपण कोण?" असे विचारणे असभ्य मानतात, त्याच्या हातात ताटली द्यायची असते. उलट, आपण कोठे आलो आहोत हे आपल्याला ठाऊक नाही, असे कबूल करणे राजकारण्यांत असभ्य मानतात. हे दोन शिष्टाचार ब्रेक्क्यांच्या दारात समोरासमोर आले.

"मी गॉर्डन व्हिटलॅच. मोंटानाहून आलोय."

"इतक्या लांबून? धन्य आहे हो तुमची!" ऑर्विलची पत्नी इंगा हिने दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. "हॅमचा पाव घ्या. लाजू नका."

गव्हर्नर भारावले. आजवर कोणत्याही सभेत त्यांचा हात कोणी दोन्ही हातांनी धरला नव्हता. त्यांनी खोलीभर हस्तांदोलन केले, मुलाबाळांची चौकशी केली. चेहरे जरा गंभीर वाटले. पण मक्याचे भाव पडले होते, तेव्हा त्यांना त्यात नवल वाटले नाही. इतक्यात पाद्रीबुवा म्हणाले, "आपण एवढ्या दुरून आलात, दोन शब्द बोलावेत." गव्हर्नर त्यासाठीच आले होते. ते पुढे झाले, घसा साफ केला, आणि त्यांची नजर फुलांत ठेवलेल्या एका तसबिरीवर पडली. तसबिरीखाली ऑर्विल ब्रेक्के हे नाव होते आणि दोन तारखा होत्या.

त्यांचा कंठ दाटून आला. तो भीतीने दाटला होता. पण श्रोत्यांना ते कळण्याचे कारण नव्हते.

"ऑर्विल..." डोळे पुसत ते म्हणाले, "ऑर्विल म्हणजे दुसऱ्याचं ऐकून घेणारा माणूस."

"अगंबाई!" इंगा शेजारणीला म्हणाली. "पन्नास वर्षांत माझं एक ऐकलं नाही. कुणाचं तरी ऐकलं म्हणायचं!"

नेमक्या याच क्षणी आपला उमेदवार शोधत आर्डिस धावत आत शिरल्या आणि दारातच थिजल्या. दाराशी फिलिस हाऊगेन उभी होती. फिलिसच्या घरी कॉफी प्यायलेले दोन उमेदवार सध्या सिनेटमध्ये होते.

"कोण गं हा?" फिलिस कुजबुजली. "मोंटानाचा आहे म्हणे. ऑर्विल लष्करात मोंटानालाच होता ना?"

"मग?"

"मग काय मग! वय बघ त्याचं. कान बघ. आणि रडतोय बघ कसा, सख्खी पोरं तिकडे पाव खातायत."

आर्डिसच्या तोंडाशी खरे उत्तर आले होते. पण ज्याला टॉलेफसन आणि ब्रेक्के यांची घरे वेगळी ओळखता आली नाहीत, त्याच्या हाती देश कोण देणार? कोणीतरी हातात दिलेल्या कॉफीबरोबर त्यांनी ते उत्तर गिळले.

भाषण संपले तेव्हा इंगाने गव्हर्नरांच्या खांद्यावर हात ठेवला. "माझ्या लग्नाआधीचं आहे ते. माझा काही राग नाही बाळा. अजून थोडं हॅम घे."

अंधार पडण्यापूर्वी ही बातमी तालुक्याच्या चारी टोकांना पोहोचली. आर्डिसच्या स्वयंपाकघरात ती गव्हर्नरांपर्यंतही पोहोचली, तेव्हा ते संतापाने लाल झाले.

"उद्या सकाळी जाहीर खुलासा! माझ्या आईच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"साहेब," आर्डिस अजिजीने म्हणाल्या, "कालपर्यंत या तालुक्यात तुम्हाला तिघं ओळखत होते. मी, मर्लिन..."

"आणि तिसरा?"

"तो तुम्हाला टीव्हीवरचा हवामानवाला समजत होता. आज पोरंटोरंसुद्धा तुमचं नाव घेतायत! इंगा म्हणते, सगळ्या ब्रेक्क्यांची मतं तुम्हालाच. घरचा मुलगा म्हणून."

"खोट्या बापाच्या जिवावर मतं मागू? जमणार नाही."

"तो शर्यतीतून गेला गं," मर्लिन हळूच म्हणाले. "पाचवा."

गव्हर्नर तत्त्वाचे पक्के होते. खुलासा वर्तमानपत्रात वाचून म्हाताऱ्या आईला धक्का बसू नये, म्हणून त्यांनी आधी तिलाच फोन लावला आणि घडले ते सगळे मोठ्याने हसत सांगितले. आर्डिस सिंकपाशी पाठमोऱ्या उभ्या राहून तीच एक बशी पुन्हा पुन्हा पुसत होत्या. फोनचा आवाज मोठा होता आणि स्वयंपाकघर लहान होते.

"ऐकतेयस ना आई? काय वेडी माणसं आहेत एकेक!"

पलीकडून उत्तर आले नाही.

"आई?"

"नाव काय म्हणालास त्याचं?"

"ऑर्विल. ऑर्विल ब्रेक्के."

आर्डिसचा हात बशीवर थांबला.

"गॉर्डन," अखेर म्हातारी म्हणाली, "खुलाशाचं राहू दे. फुलं पाठव. आणि हे बघ, चिठ्ठीवर माझं नाव घालू नकोस."